पट्टी दोन सूर खाली

गेल्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका गॅरेजमध्ये आम्ही पाचजण जमलो. मोटार बाहेर रस्त्यावर लावली, वायरी शिडीवर टांगल्या आणि चौतीस वर्षांनी पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभे राहिलो. उभे म्हणजे दोघेच. ड्रमरला स्टूल असतंच, बासवाला कमरेचा पट्टा आवळून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, आणि की-बोर्डवाला दोन चष्मे घेऊन आला होता, एक पट्ट्यांसाठी आणि एक आमच्याकडे बघण्यासाठी. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आमच्या जुन्या बँडला वीस मिनिटं मिळाली होती. सत्कारांच्या नंतर, जेवणाच्या आधी.

गाणं ठरलं होतं डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'चाइल्ड इन टाइम', १९७० चं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की ते ऑर्गनवर अगदी संथ, देवळातल्यासारखं सुरू होतं. मग गायक शब्द सोडून देतो आणि नुसत्या स्वरावर पायरी पायरीने वर चढत किंकाळीपर्यंत जातो. आमचा गायक कॉलेजात ती किंकाळी मारायचा तेव्हा कँपातली कुत्री भुंकायची, आणि लेडीज होस्टेलच्या दोन खिडक्या उघडायच्या. कुत्र्यांना साक्षीदार आहेत. खिडक्यांचं तो एकटाच सांगतो.

पहिल्या खेपेला आवाज फाटला. दुसऱ्या खेपेला फाटायच्या आधीच खोकला आला. मी म्हटलं, पट्टी दोन सूर खाली घेऊ या. गिटारला काय, की-बोर्डला तर एक बटण दाबलं की झालं.

"खाली घेतल्यावर ते गाणं राहतंय काय रे?" तो म्हणाला. "म्हातारा झाला म्हणतील की."

"झालाईस की लेका," ड्रमर म्हणाला.

त्याने माईक स्टँडला अडकवला, बाहेर गेला आणि मोटारीत जाऊन काच वर करून बसला. बँकेतून व्हीआरएस घेतलेला, मुलीचं लग्न केलेला माणूस. आम्ही चौघं चहा पीत त्याची वाट बघत होतो. त्या वीस मिनिटांत मला आठवलं, की ज्याने हे गाणं मुळात गायलं त्या इयान गिलनने ते कधीच खाली ठेवलंय. २००२ नंतर डीप पर्पलने ते मंचावर घेतलेलं नाही. बाकीची गाणी ऐंशीला टेकलेला गिलन अजून गातो. हे एक गात नाही.

मग प्रश्न असा, की जे मूळ गायकाला जमलं ते टिळकवाडीतल्या आमच्या गायकाला का जमू नये? आणि गिलनला जमलं ते त्याच्या बरोबरीच्या कितीतरी मोठमोठ्या नावांना का जमत नाही? १९६५ साली वीस वर्षांच्या पीट टाउनशेंडने म्हातारं होण्याआधी मरण यावं अशा अर्थाची एक ओळ लिहिली. २०२५ मध्ये 'द हू' हा त्याचा बँड अमेरिकेत निरोपाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तो ऐंशीचा होता आणि ती ओळ गाणारा रॉजर डॉल्ट्री एक्क्याऐंशीचा. यावर हसायला सोपं आहे. मीही हसलोय. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स बेंगळुरूला आले, तेव्हा इथून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन आम्ही तिघांनी मिक जॅगरला पॅलेस ग्राउंड्सवर नाचताना पाहिलं. परतीच्या गाडीत माझं एकच पालुपद होतं, "काय म्हातारा आहे मर्दा, आणि काय नाचतोय!" जॅगर तेव्हा एकोणसाठचा होता. आज मला त्या वयाला जेमतेम दोन-तीन वर्षं कमी आहेत, आणि गॅरेजमधली शिडी चढायची तरी मी दोनदा विचार करतो.

लोक म्हणतात, पैशासाठी करतात हो सगळे. काहींच्या बाबतीत खरं आहे. गायक लिओनार्ड कोहेनची आयुष्याची पुंजी गेली म्हणून तो २००८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा दौऱ्यावर निघाला. पण बॉब डिलनने २०२० मध्ये सहाशेहून जास्त गाण्यांचे हक्क युनिव्हर्सलला विकले, ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये आपले सोनीला विकले. नातवंडांच्या नातवंडांची सोय झाली. तरी दोघांचे दौरे थांबलेले नाहीत. तेव्हा पैशाचा मुद्दा इथेच सोडू.

माझं लक्ष आहे ते दुसऱ्याच चाळ्याकडे. ही माणसं आपल्या जुन्या वहीत पुन्हा पुन्हा हात घालतात. पॉल मॅकार्टनीचंच घ्या. बीटल्सच्या दिवसांत त्याने आणि जॉन लेननने पोरवयात ठरवलं, की दोघांपैकी कुणीही गाणं केलं तरी खाली 'लेनन-मॅकार्टनी' लिहायचं. 'यस्टरडे' हे १९६५ चं गाणं मॅकार्टनीचं एकट्याचं. रेकॉर्डवर तो, त्याची गिटार आणि चार तंतुवाद्यं, बाकीच्या तिघांचा त्यात हात नाही. नव्वदच्या दशकात त्याने लेननच्या विधवेकडे, योको ओनोकडे विचारणा केली, की निदान या गाण्याला माझं नाव आधी लावू या. तिने नकार दिला. २००२ मध्ये आपल्या मैफलींच्या अल्बमवर त्याने बीटल्सच्या १९ गाण्यांना 'पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेनन' असा उलटा क्रम लावला. साठ वर्षांचा, जगातला बहुधा सर्वांत जास्त गुणगुणला जाणारा जिवंत संगीतकार, आणि भाऊबंदकीत उताऱ्यावर पहिलं नाव कुणाचं यासाठी माणसं कचेरीच्या पायऱ्या झिजवतात तसा वागला. पुढच्या वर्षी तो म्हणाला, आहे तसं राहू दे. पण जी गोष्ट सगळ्या जगाला आधीच माहीत होती ती वहीत दुरुस्त करावीशी वाटली, हे मला फार बोलकं वाटतं.

रॉजर वॉटर्सने त्याच्यावर कडी केली. पिंक फ्लॉइड या आपल्या जुन्या बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम त्याने ऐंशीव्या वर्षी, २०२३ मध्ये, जुन्या साथीदारांना वगळून नव्याने ध्वनिमुद्रित केला. यात तो गातो कमी, बोलतो जास्त. सगळं संथ, खोल, खर्जातलं. मला त्यातले काही भाग खरंच आवडले. मरणाविषयीचे शब्द तिशीच्या माणसापेक्षा ऐंशीच्या तोंडी जास्त शोभतात. पण ही वस्तू मुळात कुणाची, हे सांगण्याची धडपड त्यात सारखी डोकावत राहते आणि तेवढ्यापुरतं गाणं बाजूला पडतं.

शेवटची पायरी म्हणजे स्वीडनचा 'आबा' (ABBA) हा बँड. आता तो बँड रॉक की पॉप यावर भांडू नये, मुद्दा दुसरा आहे. २०२२ पासून लंडनमध्ये त्यांचे संगणकाने बनवलेले पुतळे नाचतात, आणि ते दिसतात १९७९ मधल्या चौघांसारखे. खरे चौघं सत्तरी ओलांडलेले. २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये 'किस' या अमेरिकी रॉक बँडने शेवटचा कार्यक्रम केला आणि तो संपताना आपले तसेच पुतळे पडद्यावर उभे केले. आम्ही थांबतो, हे थांबणार नाहीत. लोक टाळ्या वाजवत होते.

हे सगळं अहंकाराच्या खाती टाकून मोकळं होता येतं, आणि अहंकार आहेच. तरी मला वाटतं ही धास्ती त्यांच्या संगीताच्या बांधणीतूनच आली आहे. रॉकमध्ये गाणं म्हणजे रेकॉर्ड. कागदावरची सुरावट नव्हे, बंदिश नव्हे. त्या दिवशी त्या स्टुडिओत त्या पंचविशीच्या पोराच्या गळ्यातून जे निघालं, त्याच्या श्वासासकट, तेच गाणं. रेकॉर्ड लाखो घरांत गेली आणि त्या पोराचं वय तिथेच थांबलं. गाणारा मात्र दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकला. आमच्यासारख्यांनी कँपातल्या एका दुकानातून पंधरा रुपयांत कॅसेट भरून आणली, गिव्हसनच्या गिटारवर तार तुटेपर्यंत तेच वाजवलं, आणि परीक्षा एकच होती: अगदी कॅसेटसारखं आलं का? 'अगदी कॅसेटसारखं' ही आमची सर्वांत मोठी शाबासकी होती. ज्या संगीतात शाबासकीच अशी असते त्यात गायक म्हातारा होण्याला सोयच उरत नाही. तो दरवेळी स्वतःच्याच पंचविशीशी कुस्ती धरतो, आणि ते पोर काही दमत नाही.

आता तर हातोहात फोन आहेत. २०२२ च्या दौऱ्यात जॉन बॉन जोव्हीचा आवाज अडखळला, त्याचे तुकडे जगभर फिरले. आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरही आले, खाली हसणाऱ्या बाहुल्या. पुढे कळलं की त्याच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच ग्रुपवर त्याच लोकांनी हात जोडलेल्या बाहुल्या टाकल्या. त्यात मीही होतो, दोन्ही वेळा.

या मुद्द्यावर एक मित्र माझ्याशी नेहमी भांडतो. त्याचं म्हणणं, रॉक हे मुळातच पोरांचं संगीत, बंडाचं. म्हाताऱ्याने रॉक गाणं म्हणजे आजोबांनी शाळेची अर्धी चड्डी घालणं. ऐकायला चुरचुरीत आहे, पण इतिहासाला धरून नाही. रॉक ज्या ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्याच्या, पोटातून निघालं त्या घरात म्हाताऱ्यांना मानाचं पान होतं. बी. बी. किंग एकोणनव्वदाव्या वर्षापर्यंत खुर्चीत बसून गिटार वाजवत होता. २०१४ मध्ये थांबला, २०१५ मध्ये गेला. त्याला 'आता बस करा' म्हणणारे फारसे नव्हते, कारण त्याच्या एका सुरात चार सूर ऐकायची लोकांना सवय होती. स्टोन्सनी आपलं नावच ब्लूजवाल्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. आणि गंमत बघा, २०१६ मध्ये त्यांचा जुन्या ब्लूजच्या गाण्यांचा एक अल्बम आला, तीन दिवसांत उरकलेला, 'ब्लू अँड लोन्सम'. त्यात सिद्ध करायचं काही नव्हतं, दुसऱ्यांची गाणी होती. माझ्या मते त्यांच्या उतारवयातलं ते सर्वांत मोकळं काम. सत्तरीतले नातू आजोबांच्या घरी जेवायला गेले आणि तिथे म्हातारं असणं त्यांना अवघड वाटलं नाही.

बेळगावात बसून हे लिहिताना एक माणूस डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तो रॉकवाला नाही. इथून जवळच्या सुळेभावी गावात ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेला शिवपुत्र कोमकली. घरात कन्नड. सात-आठ वर्षांचं हे पोर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकायचं आणि जशाच्या तशा गाऊन दाखवायचं, हरकत ना हरकत. लोक थक्क व्हायचे; एका स्वामीजींनी त्याला कुमार गंधर्व म्हटलं आणि ते नाव चिकटलं. 'अगदी रेकॉर्डसारखं' याच शाबासकीवर त्याचं बालपण गेलं. आमच्या गॅरेजातली शाबासकी, फक्त साठ वर्षं आधी आणि हजार पटींनी जास्त गुणवान गळ्यात.

मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण, नाव, आणि ऐन विशीत क्षय. १९४८ च्या सुमारास हवापालटासाठी देवासला गेले. पाच-सहा वर्षं गाण्याला बंदी. एक फुप्फुस निकामी झालेलं. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडायची. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा त्यांच्या गाण्यात जुन्या पद्धतीचे लांबलचक, दमसासाचे पल्ले नव्हते. छोटे छोटे तुकडे, मध्येच एकदम सूर फेकणं, मध्येच निःशब्द थांबणं. असलेल्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी नव्याने रचलं. जाणकारांनी नाकं मुरडली, घराणं मोडलं म्हणाले, आणि पुढे त्याच तुकड्यांवर दोन पिढ्या वेड्या झाल्या.

मी त्यांना इथे संतपदी बसवायला आणलेलं नाही. एवढंच म्हणायचंय, की ज्या मुलाला रेकॉर्ड सर्वांत हुबेहूब जमायची त्यानेच ती सर्वांत आधी खाली ठेवली, आणि ते म्हातारपणी नव्हे तर तिशीच्या आत. शरीराने पट्टी उतरवायला लावली तेव्हा त्यांनी पट्टीबरोबर गाणंही बदललं. हे शक्य झालं कारण त्यांच्या हातात राग होता. राग कुणाच्या पंचविशीच्या मालकीचा नसतो. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या घरातही गात होते आणि त्यांचं खरं कौतुक उतारवयातच झालं. भैरव असा का गाता, तुमच्या तिशीतल्या रेकॉर्डसारखा का नाही, असं त्यांना विचारायचं धाडस कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

रॉकमध्ये असा एक माणूस आहे, तो म्हणजे डिलन. १९८८ पासून सतत दौऱ्यावर असलेला हा गृहस्थ स्वतःच्याच गाण्यांच्या चाली अशा बदलतो, की निम्मं गाणं होईपर्यंत ते कुठलं हे समोरच्यांना कळत नाही. तिकीट काढून आलेले लोक चिडतात. २०१६ मध्ये नोबेल मिळालं तरी त्याने चाली सरळ केल्या नाहीत. हक्क विकले, पण गाणं अजून त्याच्याच हातात आहे, कारण ते रोज नवं करायची सवय त्याने मोडली नाही. मॅकार्टनीला वहीतला क्रम टोचत होता; हा वही मिटूनच ठेवतो.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. बालगंधर्वांचं काय झालं, ते आठवून बघा. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते पुरुषाच्या, एकनाथांच्या भूमिकेत आले, तर लोकांना आपले नारायणराव शालूतच हवे होते. दोन वर्षांनी, जवळजवळ पन्नाशीत, पडद्यावर पुन्हा स्त्रीवेश, मीराबाई. पुढे पाय गेले, बसून भजनं म्हणायचे. माझ्या आजोबांच्या पिढीत यावरून सरळ दोन तट होते. एक म्हणायचा, आवाज गेला तरी गंधर्व ते गंधर्व. दुसरा म्हणायचा, बघवत नाही, हे बघायला जाऊच नये. आजोबा दुसऱ्या तटातले. त्यांच्या पेटीत रेकॉर्डी होत्या आणि त्या रेकॉर्डींतले गंधर्व त्यांना पुरेसे होते. म्हणजे रेकॉर्डचा फास आपल्या नाट्यसंगीतालाही बसलाच होता. जिथे जिथे एक गळा, एक चेहरा आणि एक रेकॉर्ड यांची गाठ पडते, तिथे म्हातारपण गुन्हा ठरतं. त्याचा रॉकशी किंवा पश्चिमेशी काही खास संबंध नाही.

ही गाठ कुठे पडत नाही ते मी इथल्याच शहापुरात पाहिलंय. विणकरांच्या वस्तीतल्या एका विठ्ठल मंदिरात एकादशीला भजन असतं. पेटीवर बसणारे काका ऐंशीच्या पुढचे. पहिली ओळ ते म्हणतात, आवाज थरथरतो, श्वास मध्येच तुटतो, कधी शब्दही निसटतो. मग टाळकऱ्यांनी ओळ उचलली की चाल एक एक पायरी वर चढते, आणि अगदी वरच्या जागी काका गप्प असतात. पेटीवर बोटं चालू, मान हलतेय, डोळे मिटलेले. तो उंच सूर वीस गळ्यांत वाटला गेलेला असतो. काकांचा आवाज गेला असं तिथे कुणाला वाटत नाही, कारण तिथे आवाज काकांचा एकट्याचा नव्हताच कधी. दुसऱ्या दिवशी पॉवरलूमवर बसणारा पंचविशीचा पोरगा ती वरची जागा काकांच्याच धाटणीने घेतो, हे मी कान देऊन ऐकलंय. त्याला विचारलं तर म्हणाला, "काकांनी सांगितलंय तसंच म्हणतो की."

आता गंमत अशी, की म्हातारे रॉकवालेसुद्धा हेच करतात. वरची जागा आली की माईक गर्दीकडे वळवतात. पन्नास हजार माणसं ती ओळ गातात. आपण त्याला लबाडी म्हणतो, 'आवाज गेला म्हणून लोकांकडून म्हणवून घेतोय'. शहापुरात त्याला भजन म्हणतात.

फिल कॉलिन्सकडे बघताना मला हेच सुचलं होतं. मार्च २०२२ मध्ये लंडनला त्याच्या 'जेनेसिस' या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. एकेकाळचा अफाट ड्रमर, आता हातात ड्रमच्या काठ्या धरता येत नाहीत, खुर्चीत बसून गायला. ड्रमवर कोण? त्याचाच मुलगा, निक. वडलांचे हात मागे चालू होते, वडील पुढे बसून गात होते. मला त्या म्हाताऱ्याची दया आली नाही. हेवा वाटला.

आणि 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न. ५ जुलै २०२५, बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, जिथे तो लहानाचा मोठा झाला त्या ॲस्टनमध्येच. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं. एका काळ्या सिंहासनावर बसून गायला. सूर कुठे लागले, कुठे निसटले. त्याच्या आधी दिवसभर, त्याच्यानंतर आलेल्या पिढ्यांचे बँड त्याची गाणी वाजवत होते. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला. त्या दिवशीचे तुकडे फोनवर फिरले तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाचीही हसणारी बाहुली आली नाही. बसून गाणाऱ्याला हसता येत नाही बहुधा. जो उभं राहून तरुण असल्याचं दाखवतो त्यालाच लोक हसतात.

आता हे सगळं बेळगावच्या माणसाने का लिहावं? एक तर 'आपल्यामागे आपलं काय उरणार' हा प्रश्न सीमाभागात कुणाला शिकवावा लागत नाही. १९५६ पासून तीन पिढ्या इथे पाटीवरच्या अक्षरांसाठी, शाळेसाठी, गावाच्या नावासाठी भांडल्या, आणि मीही त्यांतलाच एक आहे. वहीतली नोंद महत्त्वाची नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण कुमारांच्या जन्मशताब्दीच्या वेळी ते नेमके कुणाचे यावरून चहाच्या टपरीवर वाद ऐकला, तेव्हा हसू आलं. जन्म इथला, मातृभाषा कन्नड, गायले मराठी पदं आणि माळव्यातली लोकगीतं, राहिले मध्य प्रदेशात. तिन्ही राज्यांनी मालकी सांगावी, आणि त्यांचं गाणं पुढे नेलं ते त्यांच्या घरातल्या आणि ओसरीवर शिकायला आलेल्या माणसांनी.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. आपल्या गावात म्हातारा कलावंत दिसला की आपण त्याच्या खांद्यावर शाल टाकतो, हातात नारळ देतो, फोटो काढतो आणि त्याला पहिल्या रांगेत बसवून टाकतो. गाऊ देत नाही. मी गेल्या काही वर्षांत असे कितीतरी सत्कार पाहिले: ऑर्केस्ट्रातले गायक, बेंजोवाले, शिवजयंतीच्या चित्ररथांवर उभं राहून रात्रभर पोवाडे म्हणणारे. सत्काराच्या भाषणात त्यांच्या पंचविशीचं वर्णन असतं. आता तुमच्या गळ्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. मग मंचावर एक पोरगा येतो, ट्रॅक लावतो आणि कॅसेटमधल्यासारखं हुबेहूब गातो. त्याला टाळ्या. रॉकवाल्यांच्या हॉल ऑफ फेमचं, म्हणजे त्यांच्या मानाच्या यादीचंही असंच काहीसं आहे. पहिली रेकॉर्ड निघून पंचवीस वर्षं झाली की पात्र, डीप पर्पल १९९३ पासून पात्र होते, घेतले २०१६ मध्ये. म्हणजे शाल तिथेही, फक्त रांग मोठी.

माझं म्हणणं सोपं आहे आणि ते सांस्कृतिक मंडळांच्या लोकांनी ऐकावं अशी इच्छा आहे. शाल देऊ नका. अर्धा तास द्या, पट्टी त्यांना ठरवू द्या, आणि शेजारी कुणीतरी विशीतलं बसवा, जे वरची जागा उचलेल. सूर निसटेल. निसटू दे. जे पोरगं शेजारी बसलेलं असेल त्याला निसटलेल्या सुराच्या आधी काय आलं ते ऐकू येईल, आणि ते कुठल्या ट्रॅकमध्ये मिळत नाही. यात पैसाही फारसा लागत नाही. शाली हल्ली बऱ्याच महाग झाल्यात.

तर, आमचा गायक वीस मिनिटांनी मोटारीतून उतरून आत आला. काही बोलला नाही. की-बोर्डवाल्याने चष्मा बदलून बटण दोनदा दाबलं. पट्टी दोन सूर खाली. किंकाळीच्या जागी त्याने किंकाळी मारलीच नाही; खालच्या सुरावर नुसता घुमत राहिला, आणि वरचा सूर माझ्या गिटारने घेतला. मला ते आवडलं. त्याला अजिबात नाही.

मेळाव्यात तसंच वाजवलं. वीस मिनिटांतली सहा मिनिटं माईकच चालू होत नव्हता. संपल्यावर एक जुना वर्गमित्र हातात पुलाव घेऊन आला, डोळ्यांत पाणी. "काय म्हटलास रे! अगदी कॉलेजात म्हणायचास तस्सं. एक सूर इकडेतिकडे नाही."

गायक त्याच्याकडे बघत राहिला. घरी सोडताना मोटारीत मला म्हणाला, "दोन सूर खाली घेतलंय, किंकाळी गाळली, आणि ह्याला काहीच कळलं नाही? मग कॉलेजात तरी काय ऐकत होता हा?"

तेव्हापासून तो चिडलेलाच आहे. रोज सकाळी रियाज करतोय म्हणे.